खर्चाबाबत हुकूम नाही: घटस्फोटातल्या मालमत्तेच्या दाव्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाला खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती व सर्व न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय

विषय: पती-पत्नीमधील मालमत्तेच्या दाव्यांचा खर्च कोणी सोसायचा

सविनय निवेदन,

कौटुंबिक न्यायालयातल्या मालमत्तेच्या निकालपत्राचं शेवटचं पान बहुतेक वेळा सारखंच असतं. फ्लॅटमध्ये कोणाचा किती हिस्सा, दागिने कोणी परत करायचे, मुदतठेवीचं काय, आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘खर्चाबाबत हुकूम नाही.’ काही ठिकाणी ‘ज्याचा त्याने खर्च सोसावा’ असं असतं, अर्थ एकच. वाचताना त्यात वावगं काही वाटत नाही. दोघं भांडले, दोघांनी आपापले वकील केले, मग खर्चही आपापला. पण ज्या दाव्यात एकाच्या हातात पैसा असतो आणि दुसऱ्याच्या हातात फक्त हक्क, तिथे ही ओळ कोणाच्याच बाजूची नाही असं म्हणता येत नाही. ज्याला खर्च झेपतो त्याच्या बाजूने ती आधीच निकाल देऊन मोकळी झालेली असते.

मी याच न्यायालयांत काम करणारी वकील आहे. म्हणजे ज्या खर्चाबद्दल हे पत्र आहे, त्यातला मोठा भाग माझ्यासारख्यांच्या फीचा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आपल्याकडे हे दावे इतके महाग का होतात, ते आधी. लग्नात जमलेली मालमत्ता घटस्फोटात वाटायची कशी, याचा कायदाच आपल्याकडे नाही. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची पद्धत आहे. तो अपवाद सोडला तर बाकी देशात दस्तावर नाव कोणाचं आणि पैसे कोणी भरले, यावरच सगळं ठरतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतं. लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांत घेतलेलं घर, गाडी, ठेवी, शेअर या सगळ्यांसाठी कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 7 खाली वेगळा दावा लावावा लागतो. पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विवाह कायदे दुरुस्ती विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. पुढे त्याचा कायदा झालाच नाही.

वाटपाचा नियम नसला की सगळा भार पुराव्यावर येतो, आणि पुरावा फुकट मिळत नाही. घराचा हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जायचा, पण घरखर्च, मुलांची फी, सासूसासऱ्यांची औषधं तिच्या पगारातून, हे प्रत्येक दुसऱ्या प्रकरणात असतं. घराच्या मालकीच्या दाव्यात हे सिद्ध करायचं तर दहा वर्षांचे बँकेचे उतारे लागतात. जुने उतारे बँक मागितल्याबरोबर देत नाही. मग साक्षीसमन्स, मग बँकेचा अधिकारी, मग त्याची तारीख. घराची किंमत ठरवायला व्हॅल्युअर. समोरच्याने त्याचा वेगळा व्हॅल्युअर आणला की आपल्या व्हॅल्युअरची उलटतपासणी. मध्येच कोणी फ्लॅट विकायला काढतो, मग मनाई हुकमाचा अर्ज, त्यावर अपील. यातल्या प्रत्येक टप्प्याला ड्राफ्टिंग, टायपिंग, नोटरी, वकिलाची त्या दिवसाची फी.

मागे एक बाई आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पासबुकं काढून टेबलावर रचली. काही इतकी जुनी की शाई पुसट झालेली. प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘हप्ता कमी पडला म्हणून दिले’, ‘सोसायटी मेंटेनन्स’, ‘स्टँप ड्युटीसाठी, माझ्या एफडीतून’. इतका व्यवस्थित पुरावा वकिलाला क्वचित मिळतो. फ्लॅटच्या करारनाम्यावर त्यांचं नाव दुसरं होतं, म्हणजे कागदावर त्या लाखो रुपयांच्या घराच्या सहमालक. हातात मात्र महिन्याचं भाडं भागवून फारसं काही उरत नव्हतं. त्यांचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. ‘मॅडम, हे किती वर्षं चालेल आणि दर तारखेला किती लागतील?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या बाजूने त्याच आठवड्यात नामांकित वकिलांचं वकीलपत्र दाखल झालं.

अशा अशिलाला मी फी निकालानंतर, मिळालेल्या हिश्शातून घेईन असं म्हणू शकत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. नियम चांगला आहे, तो काढावा असं मी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की घर आहे आणि रोकड नाही अशा माणसाला उधारीवर न्याय मिळत नाही. मग आईवडिलांचे निवृत्तीचे पैसे येतात, भावाचं पर्सनल लोन येतं, किंवा पक्षकार मधेच हात टेकतो आणि दुसरी बाजू देईल तेवढ्यावर सही करतो. अशा संमतीपत्रांना आपण समेट म्हणतो आणि निकाली प्रकरणांच्या आकड्यात धरतो.

राज्याने काहीच केलेलं नाही असं नाही. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दोन्ही तरतुदी मोलाच्या आहेत. पण कोर्ट फी हा एकूण खर्चाचा लहान तुकडा. आणि मोफत वकिलाला जे मानधन मिळतं त्यात दहा वर्षांचे बँक उतारे ओळीओळीने तपासून उलटतपासणी तयार करावी, ही अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्यायाचं आहे.

आता मुद्द्यावर येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 मध्ये दावा खर्चाची सोय आहे. नवरा असो की बायको, ज्याच्याकडे स्वतंत्र पुरेसं उत्पन्न नाही त्याला दुसऱ्या बाजूकडून अंतरिम पोटगी आणि कामकाजाचा खर्च मागता येतो. 2001 च्या दुरुस्तीने असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असंही म्हटलं आहे. (त्या ‘शक्यतो’ने किती तारखा खाल्ल्या असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.) पण कलमातले शब्द आहेत ‘या कायद्याखालील कोणत्याही कामकाजात’. घटस्फोटाचा अर्ज या कायद्याखालचा. फ्लॅटमधला हिस्सा ठरवून मागणारा दावा मात्र कौटुंबिक न्यायालय कायद्याखालचा. शब्दशः वाचलं तर जिथे खर्च सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच दावा खर्चाचं कलम पोचत नाही. समोरचे वकील हा मुद्दा घेतातच, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतला असता. दुसरी अडचण काळाची. कलम 24 कामकाज चालू असेपर्यंतच. घटस्फोट आधी मंजूर झाला आणि मालमत्तेचा दावा मागे राहिला, की तो आधारही गेला. मागे राहतो तो बहुधा मालमत्तेचाच दावा.

विशेष विवाह कायद्याचं आणखी वेगळं. रजिस्टर लग्न केलेल्यांना तो लागू होतो, आणि त्याच्या कलम 36 मध्ये खर्च मागण्याचा हक्क फक्त पत्नीला आहे. नोकरी गेलेला नवरा आणि चांगला पगार असलेली बायको अशी जोडपी आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. त्यातला नवरा हिंदू पद्धतीने लग्न करता तर खर्च मागू शकला असता, रजिस्टर केलं म्हणून नाही. याचं समर्थन कसं करायचं ते मला तरी सापडलेलं नाही. ही दुरुस्ती अर्थातच संसदेची किंवा विधिमंडळाची, आपली नाही.

आपल्या हातात काय आहे ते पुढे लिहिते, पण त्याआधी निकालाच्या खर्चाबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 सांगतं की हरणाऱ्यावर खर्च बसवायचा नसेल तर न्यायालयाने लेखी कारण द्यायचं. म्हणजे ‘खर्चाबाबत हुकूम नाही’ हा अपवाद, आणि अपवादाला कारण हवं. प्रत्यक्षात अपवादाचाच रिवाज झाला आहे आणि कारण कुठेच नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात या रिवाजाबद्दल खेद व्यक्त केला होता, आणि खालच्या न्यायालयांना मार्गदर्शन व्हावं म्हणून उच्च न्यायालयांनी जरूर तिथे नियम किंवा निर्देश काढावेत असं सुचवलं होतं. कौटुंबिक न्यायालयांच्या निकालपत्रांची शेवटची पानं पाहिली तर त्या सूचनेचा मागमूस दिसत नाही.

हरेल त्याने सगळं भरावं, हा नियम जसाच्या तसा कौटुंबिक न्यायालयात आणा असं मात्र मी म्हणत नाही. नवराबायकोच्या मालमत्तेत सहसा दोघांचंही काहीतरी खरं असतं. तीस टक्के मागून वीस मिळाले तर जिंकलं कोण? शिवाय हरल्यावर समोरच्याची फी अंगावर येईल या भीतीने आधी घाबरेल तो ज्याच्याकडे पैसा नाही तोच. इंग्लंडमध्येही कौटुंबिक प्रक्रिया नियम, 2010 प्रमाणे घटस्फोटाच्या आर्थिक प्रकरणांत खर्च ज्याचा त्याने सोसायचा हाच सर्वसाधारण नियम आहे. पण तिथे पक्षकाराच्या वागणुकीवर खर्च बसतो, आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याला दुसऱ्या बाजूकडून कायदेशीर सेवांसाठी रक्कम देववण्याचा स्पष्ट अधिकार न्यायालयाला 2013 पासून आहे. ‘ज्याचा त्याने’ हे तत्त्व आपल्याकडेही आहे. त्याला तोलून धरणारे हे दोन आधार आपल्याकडे लंगडे आहेत.

वागणुकीबद्दल बोलायचं तर रोजनामा, म्हणजे तारखेतारखेला काय झालं त्याची न्यायालयातली नोंद, उघडून पाहावा. ‘प्रतिवादी गैरहजर. वकिलांचा मुदतीचा अर्ज. मंजूर, पाचशे रुपये खर्च.’ पुढच्या तारखेला पुन्हा तेच, पाचशेच्या जागी हजार. मुदत मागणाऱ्यासाठी हा दंड नाही, हे तिकीट आहे. त्याच दिवशी दुसऱ्या बाजूने रजा टाकलेली असते, वकिलाला दिवसाची फी दिलेली असते, दुसऱ्या गावाहून आलेला साक्षीदार व्हरांड्यात बसलेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35ब प्रमाणे दिरंगाईचा खर्च भरल्याशिवाय त्या पक्षाला पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही. हे कलम वापरल्याचं मी क्वचित पाहिलं आहे. खोट्या आणि त्रास देण्यासाठी केलेल्या बचावाबद्दल कलम 35अ आहे, पण त्याची कमाल मर्यादा 3,000 रुपये. हा आकडा 1976 च्या दुरुस्तीतला. तो फार तोकडा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये विनोद सेठ प्रकरणात म्हटलं, विधी आयोगाने 2012 च्या 240 व्या अहवालात खर्चाचा सगळाच विषय हाताळला. पुढे 2015 च्या कायद्याने ही मर्यादा निघाली, पण फक्त व्यापारी वादांपुरती. कंपन्यांच्या भांडणात खोटेपणाची पूर्ण किंमत मोजावी लागते, घरातल्या भांडणात तीन हजारांत भागतं.

मालमत्ता लपवणं हा खर्च वाढवायचा सर्वांत हुकमी मार्ग. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र पोटगीच्या प्रकरणांत सक्तीचं केलं. ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालं होतं, म्हणजे आपल्याच अंगणातलं. प्रतिज्ञापत्र वारंवार टाळणाऱ्याचा बचाव रद्द करण्याचाही मार्ग त्यात आहे. त्याने पोटगीच्या कामात फरक पडला आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पण मालमत्तेच्या दाव्यात ते प्रतिज्ञापत्र आपोआप येत नाही. आणि आलं तरी त्यातून हे कळत नाही की खिसा रिकामा असल्याचं सांगणारा पक्षकार वकिलांवर आजपर्यंत किती खर्च करून बसला आहे.

म्हणून माझी मुख्य मागणी अगदी साधी आहे. मालमत्तेच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी खर्चाचा चालू हिशेब दाखल करावा: आजवर वकील, व्हॅल्युअर, प्रवास यांवर एकूण किती गेले, किती देणं बाकी आहे, आणि ते पैसे कुठून आले. इंग्लंडमध्ये हे होतं. तिथे प्रत्येक सुनावणीआधी दोन्ही बाजू फॉर्म एच भरून आपापल्या खर्चाचा आकडा न्यायालयाला आणि एकमेकांना देतात. आपल्याकडे प्रत्येक तारखेला नको, कागदाचा ढीग होईल. न्यायालय वादाचे मुद्दे काढताना, पुरावा सुरू होताना आणि युक्तिवादाआधी दिला तरी पुरे. ज्या नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र म्हणतं की धंदा बुडाला, त्याच्या वकीलखर्चाचा आकडा शेजारी ठेवला की न्यायाधीशांना फार काही विचारावं लागणार नाही. आणि दावा खर्च ठरवताना ‘पाच हजार एकरकमी’ असे हवेतले आकडे येणार नाहीत. समोरचा खर्च करतो त्याच्याशी काही प्रमाण राखून रक्कम ठरेल.

वकील मंडळी म्हणतील की फी ही वकील आणि अशील यांच्यातली खासगी बाब. सल्ला खासगी असतो. एकूण आकडा उघड केल्याने कोणाची रणनीती उघडी पडत नाही. खरी अडचण वेगळी आहे आणि ती आम्ही सगळेच जाणतो: फीचा मोठा भाग रोख घेतला जातो आणि पावती दिली जात नाही. हिशेब मागितला की पावती द्यावी लागेल. लागू दे. विनापावतीच्या फीमुळे उद्या प्रत्यक्ष खर्च देववायची वेळ आली तर जिंकलेल्या पक्षकाराकडेही दाखवायला काही नसतं, हे आपल्याच अशिलाचं नुकसान आहे.

दुसरी मागणी पैसे कुठून द्यायचे त्याची. पुष्कळ जोडप्यांच्या संयुक्त नावावर मुदतठेव असते. भांडण सुरू झालं की एकजण बँकेला पत्र देतो, आणि ‘दोघांपैकी कोणीही’ असं चालणारं खातं दोघांच्या सहीशिवाय चालेनासं होतं. पैसा असतो, दोघांचा असतो, आणि दोघांनाही हात लावता येत नाही. प्रत्यक्षात ज्याचं दुसरं खातं आहे त्याचं काही अडत नाही. अशा ठेवीतून दोघांनाही सारखी रक्कम दावा खर्चासाठी मोकळी करावी आणि शेवटी ज्याच्या त्याच्या हिश्शातून ती वळती करावी. यात कोणावर मेहरबानी नाही. बायका दावा खर्चाचं हत्यार करतात अशी तक्रार असणाऱ्यांनाही यावर आक्षेप घ्यायला जागा नाही, कारण हिशेब शेवटी होणारच आहे. ठेव नसेल तर विक्रीच्या रकमेवर किंवा हिश्शावर बोजा ठेवून दुसऱ्या बाजूला आगाऊ रक्कम द्यायला सांगता येईल. संहितेच्या कलम 151 खालच्या अंगभूत अधिकारात हे करायला अडचण नसावी, पण प्रत्येक न्यायाधीशाने ते स्वतःच्या धाडसावर करावं अशी वेळ येऊ नये.

जाता जाता एक लहान गोष्ट, जी मध्यस्थी कक्षात कोणी सांगताना मला दिसत नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिली तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ते पती-पत्नी राहत नाहीत आणि शुल्क नेहमीच्या दराने लागतं. तडजोड ठरलीच असेल तर दस्त हुकमाआधी करायचा की नंतर, एवढ्या एका क्रमावर दोघांचे लाखो रुपये वाचू शकतात. समुपदेशकांच्या टेबलावर ही माहिती छापून ठेवली तरी पुष्कळ होईल.

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 21 खाली नियम करण्याचा अधिकार आपल्याला आहे. सेलमच्या निकालाचं पाठबळ आहे. खर्चाच्या चालू हिशेबाचा नमुना, मालमत्तेच्या दाव्यातही प्रतिज्ञापत्राची सक्ती, दावा खर्चाच्या अर्जाला कलम 24 मधलाच 60 दिवसांचा दंडक, कलम 35ब ची अंमलबजावणी, आणि ‘खर्चाबाबत हुकूम नाही’ लिहायचं असेल तर त्याखाली दोन ओळींचं कारण, एवढं त्या नियमांत यावं. मसुदा करून वकील संघटना, समुपदेशक आणि पक्षकार यांच्याकडून हरकती-सूचना मागवाव्यात. फीच्या पावतीवर सगळ्यात जास्त हरकती माझ्याच व्यवसायातून येतील. त्या आल्या तरी तो भाग वगळू नये, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी एक वकील